ढिगाऱ्यावरची टिटवी

राहनाळला सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, इथे ऋतू दोनच असणार: धुळीचा आणि चिखलाचा. माझं माहेर अकलोलीचं. गरम पाण्याची कुंडं, मागे डोंगर, पुढे तानसा नदी. तिथे ऋतू दारात येऊन उभे राहतात. इथे जिकडे बघावं तिकडे गोदामं आणि गोदामांच्या मधल्या बोळांतून मागे मागे येणारे ट्रक. लग्नानंतर पंधरा दिवसांतच मी नवऱ्याला विचारलं, "तुमच्याकडे कावळ्याशिवाय काही आहे का?" तो मानकोलीच्या नाक्यावर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. त्याने बराच विचार केला आणि सांगितलं, "कबुतरं आहेत."

त्याचं काही चुकलं नव्हतं, तो जन्मभर खालीच बघत आलेला. चूक माझी होती, कारण मला बघायची सवय असून मी तोंड फुगवून बसले होते. पहिल्याच ऑक्टोबरात गोदामाच्या पत्र्यावर एक धोबी पक्षी शेपटी हापटत फिरताना दिसला आणि माझा फुगा फुटला. त्यानंतर दर वर्षी तो त्याच पंधरवड्यात यायचा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसची तारीख लिहायच्या कोपऱ्यात, "धोबी आला" असं लिहून ठेवायचे. एकदा शेजारीण ते वाचून म्हणाली, "कपडे बाहेर देतेस होय? मजा आहे बाई."

मी भिवंडीतल्या एका शाळेत शिकवायचे. शाळेच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. खटखट इतकी, की फळ्यावर लिहिलेलंच फक्त पोरांपर्यंत पोचायचं. पण त्या कारखान्याने मला थंडी ओळखायला शिकवलं. हवा कोरडी झाली की लूमवरचा धागा सारखा तुटतो. मग कामगार फरशीवर बादलीबादलीने पाणी मारत. ते पाणी दाराखालून गल्लीत आलं की मी कॅलेंडरवर "थंडी" लिहायची. घरी मागच्या दाराशी शिंजिराच्या मादीने घरटं बांधलं, त्यात गवत कमी आणि लूमचा कचरा जास्त. निळ्या आणि केशरी सुताची टोकं बाहेर लोंबत होती. बगळे नांगरामागे चालतात असं आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. राहनाळचे बगळे जेसीबीमागे चालत. त्याचा पंजा माती उकरून बाजूला झाला की हे पुढे, तो परत आला की दोन पावलं मागे. आमच्या वर्गातल्या पोरांपेक्षा शिस्त चांगली.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, माझ्या या लिहिण्याचं हसू यायचं. "लिवून काय व्हतंय?" ते म्हणायचे. "बगाया पायजे."

आणि ते बघायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. जमीन तुकड्यातुकड्याने गोदामांना दिलेली. बाबांना तसं काम उरलं नव्हतं. पण सकाळी चहा झाला की ते खाडीच्या बांधावर जाऊन यायचे, आणि गावातली म्हातारी माणसं मे महिन्यात त्यांना कट्ट्यावर गाठून विचारायची, "काय, आवंदा पाऊस कसा?" बाबा लगेच उत्तर द्यायचे नाहीत. कावळ्याने घरटं कोणत्या फांदीवर बांधलंय, मुंग्या अंडी घेऊन कुठे चालल्यात, खेकडे बांधाच्या किती वर बीळ करतायत, हे सगळं त्यांच्या हिशेबात असायचं. पण शेवटचा शब्द टिटवीचा. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर चार अंडी घालते. ती खोलगट जागी घातली तर पाऊस ओढ देणार. उंचावर घातली तर पाऊस लवकर लागणार आणि थांबणार नाही. टिटवी स्वतःची अंडी बुडवून घेणार आहे का, असा त्यांचा सवाल असायचा. मी नुसती चेष्टा करायची. "बाबा, टिटवीला रेडिओवर बसवा," म्हणायची. ते हसायचे.

पण त्यांना हे सगळं नुसत्या करमणुकीसाठी नको होतं. त्यांच्याकडे एक शेत उरलं होतं. गोदामांच्या मागे, खाडीच्या बांधाला टेकलेली खारी जमिनीची एक लांबट पट्टी. तिथे कुणी गोदाम बांधत नव्हतं म्हणून ती वाचली होती. त्या जमिनीत दुसरा कुठला भात येत नाही. येतो तो आखूड, जाड दाण्याचा लाल भात. एके काळी खाडीकाठच्या सगळ्या घरांत तो होता. मग घरांनी जमिनी दिल्या, दुकानातला पांढरा तांदूळ आला, आणि बी कुणी जपलं नाही. आमच्या वेळेपर्यंत गावात ते फक्त बाबांकडे राहिलं होतं.

त्याची रीत अशी. उन्हाळ्यात खार वर येतो आणि जमीन पांढरी पडते. पावसाचं पाणी साचू द्यायचं, खार त्यात उतरू द्यायचा, ओहोटीला बांधातली झडप उघडून ते पाणी खाडीत सोडून द्यायचं. असं दोन-तीनदा. मग बी भिजवायचं, गोणपाटात बांधून वर दगड ठेवायचा, आणि मोड फुटले की थेट चिखलात फेकायचं. लवकर फेकलं तर खार मोड जाळतो. उशीर केला तर पावसाच्या भर पाण्यात कोवळी रोपं बुडतात. आणि एकदा मोड आले की बी डब्यात परत ठेवता येत नाही.

मी सांगतेय त्या वर्षाच्या आदल्या पावसाळ्यात उधाणाने बांधाला खांड पडली होती आणि खाडी शेतात शिरली होती. भात हाती लागला तो एक पत्र्याचा डबा. तेवढंच बी. बाबांनी त्यातला एक दाणा खाल्ला नाही की कुणाला दाखवायला दिला नाही. डबा त्यांच्या खाटेखाली असायचा. यंदा चुकलं तर तो भात संपला, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या मे महिन्यात बाबांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी तीन आठवडे चालायचं नाही म्हणून सांगितलं. मला सुट्टी होती. त्यांच्या बदली बांधावर मीच जायला लागले, आणि परत येऊन त्यांना बातम्या द्यायला लागले. खंड्या दिसला, निवटे मासे चिखलात उड्या मारतायत, चिंचेवर कावळिणीने कोकिळेचं पोर पोसायला घेतलंय. ते खाटेवर पडून ऐकत आणि मधूनच हुंकार देत.

शेताच्या अलीकडच्या प्लॉटवर भराव चालू होता. डंपर यायचा, दगडमाती ओतायचा, जायचा. एका सकाळी डंपर मध्येच उभा दिसला आणि ड्रायव्हर खाली उतरून डोक्यावरून हात फिरवत होता. उत्तरेकडचा माणूस, माझ्याच वयाचा. त्याच्या डोक्याभोवती टिटवी घिरट्या घालत होती आणि जगबुडी आल्यासारखी ओरडत होती.

"मैडम," तो म्हणाला, "इधर अंडा है. चार. मैं गाड़ी किधर से लूँ?"

मातकट, वर काळे ठिपके, टोकं आत करून ठेवलेली चार अंडी. दगडमातीत अशी मिसळलेली, की त्याला दिसली कशी याचंच मला नवल वाटलं. त्याने चार बाजूंना चार दगड लावून ठेवले होते. "आज बचा लूँगा, कल भी," तो म्हणाला. "अगले हफ्ते भराव इधर तक आएगा. फिर क्या?"

फिर क्या, ते मला माहीत होतं. अकलोलीला माझा भाऊ नांगरताना टिटवीची अंडी आड आली तर हातभर बाजूला सरकवतो. टिटवी शिव्या घालते, पण येऊन बसते. दुसऱ्या दिवशी आणखी हातभर. एकदम लांब नेली तर मात्र सोडून देते. मी घरून पाटी आणली. थोडी माती, थोडे खडे, मध्ये एक वाटीएवढा खळगा, आणि त्यात अंडी. टिटवी माझ्या डोक्यावरून अशी खाली येत होती, की मी पदर डोक्यावर घेऊन काम केलं. नव्या नवरीसारखी दिसत असेन. ड्रायव्हर लांब उभा राहून हसत होता.

डंपर कधीच जाणार नाही अशी जागा एकच होती. तिथून चार-पाच पावलांवरचा, बांधाच्या दुरुस्तीसाठी आणून ठेवलेल्या मुरमाचा जुना ढिगारा. पुरुषभर उंच, वर पावसाने सपाट झालेला. बारा दिवस मी त्या बाईला तिकडे नेत होते. पहिले सात दिवस जमिनीवरून, मग उतारावर एकेक पायरी करून. रोज टिटवी ओरडायची, रोज मी तिला उलट बोलायची. "अगं, तुझ्याच भल्यासाठी," वगैरे. बाराव्या दिवशी ती ढिगाऱ्याच्या माथ्यावर अंडी पोटाखाली घेऊन बसली आणि माझ्याकडे अगदी तुच्छतेने बघायला लागली. मला इतका आनंद झाला की घरी येताना मी भेळ घेतली.

बाबांना मी हे सांगितलं नाही. टिटवीला हात लावलेला त्यांना आवडला नसता, बोलणी बसली असती. आणि ती अंडी आता उंचावर आहेत, याचा अर्थ त्यांच्या लेखी काय होतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीची चेष्टा केली ती मीच विसरले. याला मूर्खपणा म्हणतात, दुसरा शब्द नाही.

जूनमध्ये बाबा पुन्हा चालायला लागले. पहिल्या दिवशी बांधावरून आले ते काठी वाजवतच. कट्ट्यावर जाऊन सांगून आले, दुकानात सांगून आले, समोरच्या गोदामाच्या वॉचमनला हिंदीत सांगून आले. त्या गडबडीत माझी शाळा सुरू झाली होती. घरी पोरांच्या वह्या आणि ओले कपडे, माझं कुठेच लक्ष नव्हतं. दोन चांगल्या सरी पडून गेल्या. एका संध्याकाळी शाळेतून आले तर पडवीत कोपऱ्यात गोणपाटाचं बोचकं, त्यावर पाटा. ओल्या भाताचा आंबूस वास.

"बाबा, बी भिजवलंत?"

"परवाच भिजवलाय. उंद्या फेकाचा."

"इतक्यात? खार गेला का?"

"जाल गो. आवंदा पाऊस थांबनार न्हाय." ते खाटेवर ऐसपैस बसले होते. तीन आठवड्यांत एवढं खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. "टिटवीनं ढिगाव अंडी घातलीन. माज्या हयातीन येवड्या वर घातलेली न्हाय बगली."

हातातली पिशवी मी खाली ठेवली की पडली, आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. हे लिहितानाही लाज वाटते. मी नवऱ्याला सांगितलं, तो आधी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला, मग त्याची नजर पडवीतल्या बोचक्याकडे गेली आणि तो हसायचा थांबला. "तू सांग," म्हणाला. "मी सांगितलं तर मला मारतील." तो पस्तीस वर्षांचा होता तेव्हा.

सकाळी चहाचा कप बाबांच्या हातात दिला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. शाळेत पोरं चूक कबूल करताना जशी बोटं मोडतात, तशी मोडत सगळं सांगितलं. भराव, ड्रायव्हर, पाटी, बारा दिवस. ते ऐकत होते. चहा तसाच.

"किती दिस म्हनलीस?"

"बारा."

"आन् ती मागं मागं आली?"

"आली."

"शाबास हाय तिची," ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. "आख्ख्या गावाला सांगलाय मी."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, बोचक्याजवळ गेले, पाटा बाजूला केला आणि गोणपाटाचं तोंड सोडलं. आत पांढरे मोड, नखाएवढे. त्यांनी ते हाताने हलवलेसुद्धा नाहीत, नुसते बघत राहिले. "ह्ये काय आता थांबनार न्हायत," ते हळूच म्हणाले. "आज-उंद्या फेकायलाच लागतील."

"मग खार गेलाय का तेवढं बघू ना आपण," मी म्हटलं. मला कसंही करून काहीतरी करायचं होतं. "अकलोलीला आम्हाला हे ठाऊक नाही, पण इथल्या बायका सांगतात, पूर्वी शेतातलं पाणी चाखून बघायचे. तुम्हीही चाखत असाल. चला ना, चाखून या. टिटवी कशाला हवी?"

बाबा बोचकं बांधत होते. गाठ नीट बसेना. त्यांनी ती दोनदा सोडली.

"माज्या जिभंला कलत न्हाय गो आता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तीन वरसा झाली. खारा न्हाय, गोडा न्हाय. काय न्हाय."

तीन वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवत होता. कधी मीठ जास्त पडलं, कधी विसरले, ते एक अक्षर बोलायचे नाहीत, आणि मी माहेरी जाऊन कौतुकाने सांगायची की सासरा देवमाणूस आहे. माणसाच्या तोंडाची चव गेली आणि घरातल्या कुणाला पत्ता नव्हता. गावात त्यांना पाऊस विचारायला येत, त्यांना ते काय सांगणार होते की मला आता माझ्या शेतातलं पाणी ओळखता येत नाही? म्हणून टिटवी. आणि ती टिटवी मी उचलून ढिगाऱ्यावर नेऊन ठेवली होती. मला रडू आलं. बाबा म्हणाले, "रडतेस कनाला? चल. तुजी जीब हाय ना."

शाळेला निरोप पाठवला की उशीर होईल. आम्ही दोघं बांधावर गेलो. शेतात घोट्याएवढं पाणी होतं. मी साडी खोचून आत उतरले आणि ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावणार, तेवढ्यात बांधावरून बाबा ओरडले.

"वरचा पानी नको! वरचा पावसाचा. पाय दाब चिखलान. काढ. आता त्या खल्ल्यान खालशी पानी येल, ता घे. आन् जिभंच्या शेंड्याव न्हाय, बाजूला धर."

पाय दाबला, काढला, खळगा भरू दिला, बोट बुडवून जिभेच्या कडेला लावलं आणि थुंकले.

"खारट!"

"क्येवडा?"

आता खारटपणा कसा मोजून सांगायचा? मी विचार केला. "पापडाएवढा."

बाबांना हे माप एकदम पटलं. "वर ये. मदल्या भागान बग."

मधल्या भागात खळगा केला. "आमटीएवढा. थोडी जास्त मिठाची आमटी."

"आमटीव फेकाचा न्हाय," ते म्हणाले. "पेजंव फेकाचा. पेजंन चिमटीभर मीठ असतंय, तेवडा चालतंय."

असा आमचा कारभार. पलीकडून डंपरचा ड्रायव्हर हे सगळं बघत होता. मास्तरीणबाई साडी खोचून चिखल चाखतायत आणि म्हातारा काठीने दाखवतोय, पापड, आमटी, पेज. त्याने हात हलवून विचारलं, "मैडम, अंडे ठीक हैं ना?" मी ढिगाऱ्याकडे बोट केलं. टिटवी वर बसून आमच्यावर लक्ष ठेवून होती.

दुपारच्या ओहोटीला बाबांनी झडप उघडून पाणी सोडलं. त्याआधी, मी शाळेत जायच्या अगोदर, आम्ही घरी मोडाचं बी सावलीत, ओल्या फडक्यावर पातळ पसरलं. तसं ठेवलं तर आणखी एक दिवस निघतो, असं ते म्हणाले. एक दिवस म्हणजे एकच. उरलेला दिवस मी शाळेत खिडकीबाहेर बघत होते. संध्याकाळी दोन तास पाऊस झाला. मी कधी कुठल्या पावसाकडे इतक्या हिशेबाने बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. बाबा टोपली घेऊन बांधावर उभे, मी खाली. वरच्या अर्ध्या भागात तीन ठिकाणी चाखलं. पेज, पेज, थोडी खारट पेज. खालच्या भागात, खाडीच्या अंगाला, अजून आमटी. मी दोनदा चाखलं, मग तिसऱ्यांदा. तोंडात इतका चिखल गेला होता की कशाचीच खात्री वाटेना.

"सांग," बाबा म्हणाले. "फेकू का?"

टोपलीत गावातलं शेवटचं लाल भाताचं बी होतं आणि ते माझ्या एका जिभेवर थांबलं होतं. आजवर मी परीक्षेचे पेपर तपासले होते, दोन मार्कांवरून पोरांच्या आयांशी वाद घातले होते, पण असं कुणी मला विचारलं नव्हतं. मला म्हणावंसं वाटलं, तुम्हीच ठरवा. पण ते काय बघून ठरवणार होते?

"वरच्या अर्ध्यात फेका," मी म्हटलं. "खाली नको. एक दाणा नको."

"सगला वर? दाट व्हईल."

"होऊ दे दाट. मग उपटून लावू."

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली उतरले आणि मूठ फेकली. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं देव जाणे. तो हात असा फिरत होता की बी कुठे जास्त पडत नव्हतं, कुठे कमी. मी शाळेत गेले तेव्हा पहिला तास संपला होता आणि माझ्या दातांत चिखल होता. मुख्याध्यापिकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरचं काम होतं.

त्यानंतर पाऊस गेला. चांगला दोन आठवडे. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी बाबांना भंडावून सोडलं. "काय रं, तुजी टिटवी काय म्हनतंय?" बाबा हूं की चूं करत नव्हते, माझं नाव तर त्यांनी काढलंच नाही. शेताचा खालचा अर्धा भाग पांढरा पडायला लागला. कडेच्या गवतासकट जळला. आम्ही मध्ये हातभर उंच माती ओढून आडवा बांध घातला होता, त्याच्या वरच्या अंगाला पाणी धरून राहिलं. रोपं पिवळी झाली, टोकं करपली. मी रोज शाळेतून परस्पर तिकडे जायची. एके दिवशी टिटवीचं एक पिल्लू माझ्या पायाजवळून पळालं. चारांतली तीन जगली होती. ती लोकरीच्या गुंडीएवढी पिल्लं ढिगाऱ्यावरून एकट्याने खाली कशी उतरली असतील, हे मला आजही कळलेलं नाही. त्यांच्या आईने मला ओळखलं. लगेच डोक्यावर आली.

पावसाने मग जुलैत असं झोडपलं, की मानकोलीचा रस्ता पाण्याखाली गेला आणि माझा नवरा दोन दिवस ऑफिसातच अडकला. बाबा पडवीत बसून पावसाकडे बघत म्हणाले, "बग. ढिगाव घातलीन ना?" मी म्हटलं, "मी घातली, बाबा." ते म्हणाले, "तुना तरी कुनी सांगलं वर न्ह्याला?" कट्ट्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांचा मान परत आला आणि मी तो खाली उतरवला नाही.

तोवर रोपं गुडघ्याएवढी झाली होती. पाणी वाढलं, ती वाढली. दाट ठिकाणची उपटून आम्ही विरळ ठिकाणी लावली. दिवाळीनंतर भात कापला तेव्हा पहिल्यांदा डबा भरला, मग दुसरा, मग घरात डबे संपले म्हणून मी पिठाचा डबा रिकामा केला. बियाण्याचं बाबांनी वेगळं काढलं, वाळवलं, कडुलिंबाचा पाला घालून खाटेखाली ठेवलं. एक डबा माझ्या भावाकडे अकलोलीला पाठवला. "एका घरान ठेवाचा न्हाय आता," एवढंच म्हणाले. उरलेल्यातला शेरभर माझ्याकडे दिला. "रांध."

दुपारची वेळ होती. रविवार, म्हणून शाळा बंद आणि ट्रकही कमी. मी भात केला. लाल पाणी चढलेला, दाणा न् दाणा जाड. सोबत सुकटीची चटणी. नवऱ्याला वाढलं, बाबांना वाढलं, मग माझं घेऊन बसले. बाबांनी पहिला घास नुसत्या भाताचा घेतला. बराच वेळ चावला. गिळला.

"कसा लागतंय?" त्यांनी मला विचारलं.

"छान," मी म्हटलं.

"छान न्हाय. नीट सांग."

नवरा मान खाली घालून जेवत राहिला. मी चटणी बाजूला सारली, नुसत्या भाताचा घास घेतला आणि जिभेच्या कडेला धरला.

"आधी काहीच नाही," मी म्हटलं. "मग चावलं की गोडसर. दाणा लवकर मोडत नाही, चावायला लागतो. आणि गिळताना मागे खाडी आहे, बाबा. अगदी थोडी."

ऐकताना बाबांचा हात ताटातच थांबला होता.

"हां," ते म्हणाले. "तोच हाय." आणि त्यांनी पुढचा घास घेतला.